सोडव म्हटल्यावर

"करंजदऱ्याला अखंड प्रार्थनेला निघालात होय? अहो, तिथं एका बाईनं मेलेल्या पोरीवर हात ठेवून असा काही शाप दिला, की अजून प्रार्थनेच्या शेवटी लोकांची जीभ..." एसटीच्या खिडकीतून एका प्रवाशाचं एवढंच ऐकू आलं आणि गाडी सुटली. पुढचं धुळीत गेलं.

करंजदऱ्याचा मांडव ओढ्याच्या काठी आहे. दरवर्षी सात दिवस तिथं निरनिराळ्या मंडळ्यांची माणसं पाळीपाळीनं प्रार्थना करतात. पाळी बदलताना प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली "हे आमच्या स्वर्गातील पित्या", होते. "आम्हांला वाइटापासून सोडव" इथवर सगळा मांडव एका सुरात येतो आणि एकदम गप्प होतो. "तसंच होवो" म्हणणारं आमेनसुद्धा नाही. पाहुण्यांनी विचारलंच, तर मांडवाची राखण करणारे शांतवनआबा सावकाश सांगू लागतात.

फार पूर्वी गावात पटकी आली होती म्हणे. ओढ्याच्या वरल्या अंगाला मिशनची प्रॉटेस्टंट मंडळी, खालच्या अंगाला कॅथलिक. एरवी एकमेकांच्या देवळाची पायरी चढत नसत. पण घरटी माणूस जाऊ लागलं, तेव्हा दोघांनी मिळून नवस केला, की सात दिवस प्रार्थनेत खंड पडू द्यायचा नाही. पहिले तीन दिवस वरल्यांचे, पुढचे तीन खालच्यांचे, सातवा पुन्हा वरल्यांचा.

कृपाबाई खालच्या घरची लेक, वरल्या घरची सून. नवरा पहिल्याच आठवड्यात गेला. राहिली होती सात वर्षांची सलोमी, तीही आजारी. पोरीला मांडीवर घेऊन कृपाबाई सहा दिवस मांडवातच बसून होती. एकच दिवस उरलाय, तेवढा पार पडला की पोर वाचली, असं तिनं मनाशी धरलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी तिचा भाऊ अंतोन पाळी सोडायला उठला. त्यानं "सोडव, आमेन" म्हटलं आणि तो थांबला. पुढची पाळी तिचे थोरले दीर एलाजर यांची. तेही थांबले; मिशनच्या प्रार्थनेत "सोडव"नंतर आणखी एक ओळ असते, तिची ते वाट बघत होते.

"पुढचं म्हणा की."

"पुढं काय? झाली."

"राज्य, सामर्थ्य, गौरव कुठं गेलं? शेपूट तोडलेली प्रार्थना मी हातात घेऊ?"

"आमच्या प्रार्थनेला शेपूट नसतंच, पाव्हणं."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आवाज चढले. खंड कुणी पाडला, यावर दोन्हीकडची शहाणी माणसं उठून उभी राहिली.

कृपाबाईला दोन्ही प्रार्थना येत होत्या. माहेरी एक शिकली, सासरी दुसरी. ते राहिलेलं वाक्य तिच्या ओठांवर होतं, असं सांगतात. पण म्हणावं, तर भाऊ म्हणणार सासरची झाली. आणि दिरांसमोर बाईमाणसानं तोंड उघडायची रीत नव्हती. कुणीतरी म्हणेल, आत्ता म्हणेल, अशी ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. उन्हं डोक्यावर आली, तशा दोन्ही मंडळ्या आपापल्या चटया गुंडाळून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सलोमी गेली.

मातीला मात्र दोन्हीकडचे आले. खड्ड्याशी अंतोननं प्रार्थना म्हटली, "सोडव"पर्यंत. त्यानं आमेन म्हणायच्या आत एलाजर पुढचं म्हणायला सरसावले. ज्यांच्यासमोर कृपाबाईचा पदर कधी ढळला नव्हता, त्यांच्या तोंडावर तिनं मातीनं भरलेला तळवा ठेवला.

"बास, भाऊजी. काल म्हणायला हवं होतं. मीसुद्धा." मग भावाकडे वळली. "दादा, तूही आमेन म्हणू नको. काय झालंय आमेन म्हणण्यासारखं?"

पुढच्या वर्षी दोन्ही मंडळ्या पुन्हा जमल्या. "सोडव" आलं आणि तिच्याकडे बघून सगळे थांबले. तेव्हापासून तसंच चाललंय.

तर एसटीतलं ते बोलणं निम्मं खरं. हात ठेवला होता, पण पोरीवर नव्हे, दिराच्या तोंडावर. आणि शाप? शाप वगैरे काही दिला नाही तिनं, आबा म्हणतात.

आजही तिथं सगळे गप्प होतात. बाहेरून आलेले पाळक, फादर डोळे पुसतात, काय हा एकोपा म्हणतात. आबा मान डोलवतात. पाहुणे जेवायला उठले, की हळूच म्हणतात, "एकोपा कसला? इतकी वर्षं झाली, अजून एकानंही दुसऱ्याची प्रार्थना पाठ केलेली नाही."