खिंडीपलीकडची हाक

"तिचा एकही फोन चुकला नाही, बुवा. मग तिने फोन करणंच का सोडलं?"

भिवाबुवा खोकत होते. मठीच्या ओट्यावर शाल गुंडाळून बसलेल्या या म्हाताऱ्याला एवढंच विचारायला जयवंत पुण्याहून आला होता, डोंगर चढून. 'ती' म्हणजे त्याची आई. आजऱ्याच्या घरात एकटी राहणारी.

"चुकला नाही म्हणजे?"

जयवंतचा चेहरा खुलला. हातखंडा विषय निघाला की माणूस आपलं दुःखही घटकाभर विसरतो. बँकेच्या एका सर्व्हरवरचा निरोप दुसऱ्या सर्व्हरवर बिनचूक पोचवायची व्यवस्था तो बांधत असे. एक वाट बंद पडली की निरोप आपोआप दुसरी वाट धरायचा, आणि पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा जायचा. आईसाठीही त्याने अगदी तशीच सोय केली होती.

"मी कामात असलो तर तिचा फोन माझ्या ऑफिसातल्या मुलीकडे जातो. ती नसली तर आणखी कोणाकडे. कोणी ना कोणी उचलतंच. औषध म्हणा, गॅस म्हणा, लगेच घरपोच. आता मीच फोन केला तर म्हणते, बरी आहे... आणि ठेवून देते."

रोज घरी परतल्यावर त्याच्याशीही बोलायला कोणी नसे. हे मात्र त्याने सांगितलं नाही.

ऊन उतरलं. खिंडीपलीकडच्या डोंगरावरून हाक आली.

"भिवाऽऽ..."

ते कान्होबुवा, भिवाबुवांचे गुरुबंधू. गुरू गेल्यापासून दोघे दोन डोंगरांवर एकेकटे राहत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जाणंयेणंही संपलं होतं. उरली होती ती एवढीच रीत. दिवेलागणीला एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ओ द्यायची, आणि मगच दोघांनी दिवा लावायचा.

बुवा उठू लागले, पण खोकल्याची उबळ आली आणि परत खाली बसले.

"तुम्ही बसा," जयवंत म्हणाला. कड्यापाशी जाऊन त्याने खणखणीत ओ दिली.

"भिवाऽऽ..."

त्याने आणखी जोरात ओ दिली. सगळी खिंड दुमदुमली.

पुन्हा हाक आली. या वेळी आवाज कापत होता. पलीकडे दिवा काही लागेना.

भिवाबुवा भिंत धरून उठले. जयवंतच्या खांद्यावर हात ठेवत कड्यापर्यंत आले. त्यांच्या तोंडून निघाली ती ओ कसली, निम्मा खोकलाच.

पलीकडे दिवा लागला.

जयवंत त्या दिव्याकडे बघत राहिला. त्याला उगाचच रडू येत होतं.

"बुवा... माझी ओ पोचली नव्हती का?"

बुवांनी काडी ओढली. आपला दिवा लावला.

"पोचली ना... म्हणून तर तो घाबरला."