सिदू वस्ताद आणि जपानी शेगडी

“...पर वस्ताद, त्यानं पयल्याच झटक्यात पट काढून मला पाडलं तर?”

सिदू वस्ताद निखाऱ्यांकडे बघत होते.

कुस्ती उद्या सकाळी होती, जपानमधल्या एका लहानशा गावात. त्यांच्या पठ्ठ्याला, इंद्रजितला, तालुक्यात कुणी पाडलं नव्हतं, आणि हे त्यानं विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगून टाकलं होतं. दुपारी मात्र त्यानं समोरचा जपानी मल्ल सराव करताना पाहिला आणि गड्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

म्हणून वस्तादांनी त्याला गल्लीतल्या छोट्या हॉटेलात जेवायला आणलं. टेबलाच्या मधोमध कोळशाची शेगडी, वर तारेची जाळी. मालकीणबाईंनी कोंबडीचे कच्चे तुकडे आणि दोन चिमटे आणून ठेवले, हसल्या आणि निघून गेल्या. तिथली रीतच तशी. ज्याचं त्यानं भाजून खायचं.

“आलो जेवाय, आन् रांधायचं बी आपणच?” इंद्रजित कुरकुरला.

“भाज गप.”

तुकडा जाळीवर पडला. चर्र झालं. लगेच इंद्रजितनं चिमटा घातला आणि ओढला. अर्धं मांस जाळीला चिकटून राहिलं, चिमट्यात चिंधी आली. दुसऱ्या तुकड्याची तीच गत. तिसऱ्याचीही.

“जाळीच खराब हाय, वस्ताद.”

वस्तादांनी त्याच जाळीवर आपला तुकडा ठेवला. चिमटा बाजूला ठेवला. हात मांडीवर घेऊन बसले.

“करपंल की!”

तुकडा चरचरत राहिला.

“उलटा, वस्ताद!”

वस्ताद ढिम्म. धूर निघू लागला. इंद्रजितचा हात पुढं आला. वस्तादांनी तो मनगटाला धरून मागं सारला.

थोड्या वेळानं त्यांनी चिमट्याचं नुसतं टोक लावलं. तुकडा आपसूक सुटला. खालून छान खरपूस झाला होता. दुसऱ्या अंगानंही तसाच निवांत भाजून त्यांनी तो इंद्रजितच्या ताटलीत ठेवला.

इंद्रजितनं खाल्ला. इतकं चवदार मांस त्यानं कधी खाल्लं नव्हतं. घास गिळला आणि एवढ्या दांडग्या गड्याला रडूच फुटलं.

“भ्या वाटतंय, वस्ताद. हरलो तर गावात तोंड कसं दावू? ...हे भ्या कवा सुटंल?”

“वढू नगं. भाजू दे.”

“आन् सकाळपतोर न्हाई सुटलं तर?”

वस्तादांनी दुसरा तुकडा जाळीवर ठेवला. उभ्या आयुष्यात त्यांची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती...

“मग त्येला घिऊन उतर,” ते म्हणाले. “म्या तरी कवा एकटा उतरलोय?”