पर्शाचं मत

एका गावात पर्शा नावाचा एक भोळा होता. गावाला तेवढा एकच पुरे होता. तो वाचनालयात पुस्तकं द्यायचा. नवी कादंबरी आली की आधी स्वतः वाचायचा, मग लोकांना मत ऐकवायचा. ही रडवते, पण सोडवत नाही. ती जाड आहे, उशाला बरी. मास्तरांची शालन त्याच्याच सांगण्यावरून कादंबऱ्या न्यायची. तिच्याशी लग्न करावं असं पर्शाच्या फार मनात होतं. पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, तिलासुद्धा.

एकदा भिकूशेठ खुनाची नवी कादंबरी मागायला आले.

"न्या शेठ, झकास आहे," पर्शा म्हणाला. "खून धाकट्या सुनेने केलाय."

शेठनी पुस्तक तिथेच आपटलं. ग्रंथपाल कुमुदताई म्हणाल्या, "अरे बाबा, शेवट सांगायचा नसतो. पुढे काय होतं ते तुम्हीच बघा, एवढंच म्हणायचं."

"चुकलंच ताई. माझं डोकं म्हणजे नुसती टोपी ठेवायची खुंटी."

दुसऱ्या दिवशी गावातले एक लेखक आले. "माझी नवी कादंबरी वाचलीस ना? शेवट कसा वाटला?"

"पुढे काय होतं ते तुम्हीच बघा."

"अरे, मीच लिहिलीये ती."

"तरीपण."

लेखक तणतणत गेले. ताईंनी कपाळाला हात लावला. "लिहिणारा समोर असला की कौतुक करावं. म्हणावं, लेखणीत दम आहे, असंच लिहीत राहा."

मग आले पेन्शनर नाना. पंखा बंद म्हणून त्यांनी ताईंच्या नावाने भलीमोठी तक्रार खरडली आणि पर्शापुढे टाकली. पर्शाने ती मन लावून वाचली.

"लेखणीत दम आहे नाना. असंच लिहीत राहा."

नानांना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते रोज तक्रार लिहू लागले.

ताई वैतागल्या. "तुला एकट्याला आवडलं म्हणून झालं का? यापुढे स्वतःचं मत सांगायचंच नाही. म्हणायचं, चार जणांना विचारा, जास्त लोक म्हणतील तसं करा."

"खरंय ताई. माझं मत मलाच कधी पटत नाही."

संध्याकाळी शालन आली. पुस्तक न बदलताच टेबलाशी उभी राहिली.

"मला पुण्याचं स्थळ आलंय. उद्या उत्तर कळवायचंय. तुम्ही सांगितलेली एकही कादंबरी वाईट निघाली नाही. आता हेही तुम्हीच सांगा. हो म्हणू की नको?"

'नको' पर्शाच्या अगदी ओठावर आलं. पण सगळीकडे घोळ घातला, निदान शालनपाशी तरी चुकायचं नाही, असं त्याने ठरवलं.

"माझं कसलं मत घेता? चार जणांना विचारा. जास्त लोक म्हणतील तसं करा."

शालन त्याच्याकडे बघत राहिली. "नक्की?"

"अगदी नक्की."

तिने आईला, वडिलांना, आत्याला आणि मामाला विचारलं.

लग्नाच्या पंगतीत पर्शा डोळे पुसत जिलबी वाढत होता. ताईंच्या सगळं ध्यानात आलं. "अरे वेड्या, मनात होतं तर नको म्हणाला का नाहीस?"

"कसं म्हणणार ताई? चौघंही हो म्हणाली," पर्शा म्हणाला. "नको म्हणणारा मी एकटाच होतो."