पहिला मान

फार पूर्वी, मिरीच्या वासावर परकी जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली, तेव्हाची गोष्ट. एका खाडीत म्हातारा पडाव आणि म्हातारा मचवा या दोन नावा नारळी पौर्णिमेला समुद्रात आधी कोण उतरणार, यावरून दरवर्षी भांडत. त्या वर्षी त्यांनी तोफा लादलेल्या परक्या जहाजालाच पंच नेमलं.

"आजोबा, त्याला कशाला आपल्यात घेता?" धाकटी होडी म्हणाली.

"गप गं! मोठ्यांत तोंड घालू नकोस," पडाव खेकसला.

जहाजानं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून ते म्हणालं, "आधी मी. मग मी सोडीन तेव्हा तुम्ही."

होडी रडकुंडीला आली. "आता मी मासेमारीला जाऊ कशी?"

"ते बघू नंतर," मचवा समाधानानं म्हणाला. "पडावाला तर मान मिळाला नाही ना!"

"मचव्यालाही नाही," पडाव खुशीत डुलत म्हणाला.