चमचाभर तेल

लाकडाच्या वस्तू आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका स्वयंपाकघरात नव्या सुनेच्या आहेरातून चमच्यांचा स्टँड आला. लेसरने कापलेली नाजूक जाळी आणि मधोमध नवरा-बायकोची नावं! आल्या आल्या तो नळाशेजारच्या उजेडात उभा राहिला.

दर शनिवारी सासूबाई लाकडी वस्तूंना खोबरेल तेल चोळत. स्टँड हळूच बरणीमागे सरकला.

"का हो नाजूकराव, लाजलात?" म्हाताऱ्या पोळपाटाने विचारलं.

"छे! तेल तुमच्यासारख्या ओबडधोबडांना. माझी नक्षी चिकट होईल."

"मग निदान नळापासून लांब बसा. ओल आधी जाळीतच शिरते."

"आणि आहेर देणारी मावशी आली, की तिला दिसणार कसा मी?"

पोळपाट लाटण्याकडे बघून हसला.

ओले चमचे स्टँडमध्ये निथळत राहिले. महिन्याभरात लाकूड फुगलं, जाळी काळवंडली, नावं बुजली. नेमकी तेव्हाच मावशी जेवायला आली. सुनेने स्टँड घाईघाईने मिक्सरमागे ढकलला.

मावशीने पोळपाटावरून हात फिरवला. "अगं, हा नवा घेतलास?"

"सासूबाईंच्या लग्नातला आहे, मावशी."

मिक्सरमागून बारीक आवाज आला, "पोळपाटकाका, तेल कितीसं लागतं हो?"

"चमचाभर," पोळपाट म्हणाला, "पुरलं असतं."