तंतूबाईचा धागा

माणसांच्या शाळेत टेलिफोनच्या तारा यायच्या कितीतरी आधी देवराईत प्राण्यांची शाळा भरायची. वर्ग लांबलांबच्या झाडांखाली, म्हणून मध्ये जाळं होतं. एका वर्गात धागा हलवला की दुसऱ्या वर्गात निरोप पोचायचा. हे जाळं तंतूबाई कोळिणीनं विणलं होतं. तिच्या घराण्यात जुना धागा गिळल्याशिवाय नवा काढत नसत.

पण कारभार मुख्याध्यापक वानर हुप्पेसरांचा. निरोप अडला की ते म्हणायचे, "बाई, अजून एक धागा टाका."

"सर, आधी जुने काढू द्या."

"राहू द्या हो, कधीतरी लागतील!"

होता होता नुसता गुंता झाला. गणिताचे निरोप गाण्याच्या वर्गात जाऊ लागले, आणि बोलणी खायची तंतूबाईनं.

एके दिवशी टेहळणीवरच्या टिटवीनं आभाळात घार पाहून धागा ओढला. इशारा पोचला कासवांच्या वर्गात. त्यांनी माना आत घेतल्या. पिल्लांचा वर्ग मात्र उघड्यावर खेळतच राहिला. टिटवी स्वतः ओरडत उडत गेली, म्हणून पिल्लं थोडक्यात वाचली.

तंतूबाईनं मग कुणालाच विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत तिनं सगळा गुंता गिळला आणि प्रत्येक वर्गाला एकच नवा धागा जोडला.

हुप्पेसर हादरले. "अहो, केवढं मोठं जाळं होतं! आता पाहुण्यांना दाखवू काय? इथे तर काहीच दिसत नाही!"

तंतूबाईनं ताठ मानेनं एक धागा हळूच छेडला. पलीकडच्या झाडाखालून पिल्लांचा अख्खा वर्ग ओरडला, "हजर, बाई!"