फट, गुण्या आणि राजाची मिशी

मानधवल राजाच्या नव्या दरबारात चारही कोपऱ्यांना फट पडत होती. भिंतींवर कमरेच्या उंचीला सागाची नक्षीदार पट्टी फिरवायची होती: खाली लाट, मध्ये खोबण, वर गोल. भिंतभर पट्टी झकास बसे, पण कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटल्या की दोघींची तोंडं फाकत.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दरबाराची आखणी करताना राजानं हौसेनं सूत स्वतःच्या हाती धरलं, आणि ऐन वेळी त्याला शिंक आली. एक नाही, दोन. कोपरे वाकडे झाले. पण बोलणार कोण? एका गवंड्यानं कोपऱ्याला गुण्या लावला, तर राजा कडाडला, "माझ्या कोपऱ्याची परीक्षा घेतोस?" झालं! सुतार-गवंडी ज्या लाकडी काटकोनानं सरळ-वाकडं ओळखतात, ते गुण्ये राज्यभरातून जप्त झाले. वर हुकूम सुटला, की कोपरा वाकडा म्हणेल त्यानं गड उतरावा.

तपासणी राजा स्वतः करी. मिशीचा एक केस उपटायचा आणि सांध्यात सारायचा. केस आत गेला की सुतार बाहेर. तीन गावचे सुतार असे बाहेर गेले होते, आणि राजाची डावी मिशी उजवीपेक्षा चांगलीच विरळ झाली होती.

आता पाळी आली म्हाळोजी मेस्त्रीवर.

"परवा दुपारपर्यंत," राजा म्हणाला. "सांध्यात लाख भरायची नाही, भुसा भरायचा नाही, भिंत तासायची नाही. जमलं नाही तर तुझी हत्यारांची पेटी मुदपाकखान्याच्या चुलीत."

पेटी म्हाळोजीच्या आज्याची होती. आज्यानं, बापानं आणि त्यानं स्वतः तिच्यावरच पोट भरलं होतं. घरी येऊन तो तिच्यावर हात ठेवून बसला, जेवायलाही उठेना.

त्याची लेक येसू समोर येऊन बसली. येसूला करवत कुणी शिकवली नव्हती. बाप जेवायला बसला की ती शिकायची. आळीतले निम्मे पोळपाट तिच्या हातचे होते, आणि ते म्हाळोजीचे म्हणून खपले होते.

"बाबा, कोपऱ्यातल्या पट्ट्या कशा कापता?"

"कशा म्हणजे? दोन्ही तिरक्या. अर्धा तिरपेपणा हिचा, अर्धा तिचा. माझा आजाही तशाच कापायचा."

"मग कोपरा सरळ असला तरच जुळणार त्या."

"हळू बोल गं बाई. गड उतरायला लावशील."

"मी कोपऱ्याला नावं ठेवत नाही, पट्ट्यांना ठेवतेय. दोघींना निम्मं-निम्मं कशाला द्यायचं? एक जाऊ दे तशीच सरळ, भिंतीला टेकेपर्यंत. दुसरी तिच्या अंगाला बिलगेल."

"बिलगेल कशी? हिच्या अंगावर लाट आहे, खोबण आहे."

येसूनं पट्टीचा एक उरलेला तुकडा घेतला. दुसऱ्या तुकड्याच्या पाठीवर, टोकाशी, तो उभा धरून कोळशानं त्याची बाह्यरेषा काढली आणि त्याच रेषेवरून बारीक करवत फिरवली. लाटेसाठी खळगा, खोबणीसाठी उंचवटा. मग कानशीनं मागचं लाकूड खरवडून टाकलं, पुढची धार तेवढी ठेवली. दोन तुकडे जोडले. पहिल्याच्या अंगावर दुसरा असा बसला, जणू तिथूनच फुटला होता. तिनं कोन जरा मोठा केला. फट नाही. जरा लहान केला. फट नाही.

म्हाळोजीनं सांध्यावरून नख फिरवून पाहिलं. "हे तुला कुणी शिकवलं?"

"आत्यानं. लग्नाच्या पंगतीत आत्या कोपऱ्यात पाठ टेकून बसते आणि मावशी तिच्या कुशीत घुसते. मध्ये सुई जात नाही. मांडव कसाही वाकडा असो."

म्हाळोजी हसला आणि पानावर बसला. दुसऱ्या दिवशी दरबारात त्यानं करवत तिच्या हाती दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजा आला. येसूच्या हातात करवत पाहून म्हणाला, "बायका कधीपासून सुतारकाम करायला लागल्या?"

"पुरुष संपल्यापासून, महाराज," येसू म्हणाली. "तीन गावचे संपले."

राजानं उजव्या मिशीचा केस उपटला आणि सांध्याला लावला. केस वाकला. दुसरा कोपरा, दुसरा केस. तोही वाकला. चार कोपरे झाले, चार केस गेले, एकही आत शिरला नाही. म्हाळोजीनं पेटी उचलली.

"थांब!" राजा म्हणाला. "पोरी, आता सांग. माझा कोपरा सरळ की वाकडा? सरळ म्हणालीस तर गुण्या मागवतो, लावून दाखव. खोटी ठरलीस तर पेटी चुलीत. आणि वाकडा म्हणालीस तर बापलेक दोघं आत्ता गड उतरा."

म्हाळोजीनं पेटी पुन्हा खाली ठेवली.

"मला नाही माहीत, महाराज," येसू म्हणाली. "मी कोपऱ्याला विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"मी पट्टी कापली ती पट्टीच्या मापानं. कोपरा सरळ असला तरी ती अशीच बसेल, वाकडा असला तरी अशीच. फट नको म्हणालात, फट नाही. कोपरा तपासू नका म्हणालात, तपासला नाही. आता हुकूम पाळला म्हणून चुलीत घालणार असाल तर पेटी ही इथे आहे."

राजानं मिशीला पीळ द्यायला डावीकडे हात नेला. तिथे पिळायला काही उरलं नव्हतं. तो आधी चमकला, मग खो-खो हसत सुटला.

"सोडा रे सगळ्यांचे गुण्ये! त्या तीन गावच्या सुतारांनाही परत बोलवा. आजपासून दरबाराची मेस्त्री ही. आणि हिला चांदीचा गुण्या घडवून द्या."

"चांदीचा नको, महाराज. चांदी मऊ. राजाचा कोपरा दिसला की वाकायची. मला आपला सागाचाच द्या."

"बरं. मग चांदी राहू दे?"

"राहू कशाला द्यायची? ती वेगळी द्या की!"

राजा असा हसला की मिशीचे उरलेले केसही थरथरले.